कुलाब्याच्या चुंबकाची साक्ष

लोहचुंबक बॅटरीजवळ ठेवला तर बॅटरी उतरते का? घरात चौकस मूल असले की हा प्रश्न कधी ना कधी येतोच. फोनच्या पाठीला चिकटणारे चुंबकी स्टँड आणि चुंबकाने मिटणारी पाकिटे आल्यापासून तो मोठ्यांनाही पडू लागला आहे. उत्तर छोटे आहे. बॅटरी उतरत नाही. तिच्यात साठलेली ऊर्जा रासायनिक असते. दोन वेगवेगळ्या द्रव्यांना इलेक्ट्रॉनांची जी कमीअधिक ओढ असते, तिच्यातल्या फरकाला आपण व्होल्टेज म्हणतो. शेजारी चुंबक आणून ठेवल्याने हा फरक बदलत नाही. प्रयोगशाळेतले बलाढ्य चुंबक घटातले द्रावण थोडेफार ढवळू शकतात, पण फ्रिजच्या दारावरच्या चुंबकात ती ताकद नाही.

याच प्रश्नाला दुसरे, जरा लांबचे उत्तरही आहे आणि त्यासाठी इतिहासात शिरावे लागते. चुंबक जागच्या जागी असेल तर बॅटरीला त्याचे सोयरसुतक नसते. पण चुंबकत्व बदलू लागले की जवळच्या तारेत वीज उभी राहते. तार पुरेशी लांब असेल तर ही वीज बॅटरीशी झुंजते, तिला निकामी करते, प्रसंगी तिची जागाही घेते. २ सप्टेंबर १८५९ रोजी हा खेळ खुद्द पृथ्वीच्या चुंबकाने करून दाखवला. त्या दिवशी अमेरिकेत बॅटरी सोडवून ठेवलेल्या तारांवरून निरोप गेले. आणि पृथ्वीचे चुंबकत्व त्या दिवशी किती ढळले याची जगातली सर्वांत मोलाची नोंद मुंबईत, कुलाब्याच्या वेधशाळेत झाली. त्या नोंदीमागच्या परंपरेत मराठी माणसे आहेत, आणि तिचा एक धागा पुण्यापर्यंत येतो. तो धागा उलगडण्याचा हा प्रयत्न आहे.

घट, सुई आणि तार

इटलीतल्या व्होल्टाने १८०० साली जस्त आणि चांदीच्या चकत्या, मधे मिठाच्या पाण्यात भिजवलेले पुठ्ठे, अशी चवड रचली आणि माणसाच्या हाती प्रथमच विजेचा सलग प्रवाह आला. १८२० मध्ये कोपनहेगनच्या ओर्स्टेडला दिसले की अशा घटाला जोडलेली तार होकायंत्रावर धरली की सुई वळते. म्हणजे बॅटरीचा चुंबकावर परिणाम होतो हे सिद्ध झाले. मग चुंबकाचा विजेवर का होऊ नये? हा उलटा प्रश्न फॅरडेने घेतला. तारेच्या वेटोळ्याशेजारी चुंबक नुसता ठेवून काहीच घडत नव्हते. १८३१ मध्ये त्याला खरी गोम सापडली. चुंबक वेटोळ्यात सारला किंवा बाहेर ओढला, तर त्या हालचालीपुरती वीज वाहते. चुंबक थांबला की वीजही थांबते. पुढचे डायनामो, जनित्रे, सायकलच्या चाकाला घासून दिवा लावणारी ती छोटी कुपी, हे सगळे या एका निरीक्षणाचे वंशज.

जर्मनीत गटिंगेन येथे गाउस आणि वेबर या दोघांनी १८३३ मध्ये गावाच्या छपरांवरून तार ओढून वेधशाळा आणि प्रयोगशाळा यांच्यात निरोपांची देवाणघेवाण सुरू केली. लवकरच त्यांनी घट बाजूला ठेवला आणि चुंबकावर तारेचे वेटोळे खालीवर करून निरोपाची वीज निर्माण केली. बॅटरीचे काम चुंबक करू शकतो याचा हा आरंभीचाच दाखला होता. याच दोघांच्या पुढाकाराने पृथ्वीच्या चुंबकत्वाचे वेध ठिकठिकाणी एकाच वेळी घेण्याची पद्धत युरोपात रुजली. ब्रिटनने १८३९ च्या सुमारास ती मोहीम साम्राज्यभर नेली. ईस्ट इंडिया कंपनीने आपल्याकडून सिमला, मद्रास, सिंगापूर आणि मुंबई ही ठाणी देऊ केली. जहाजे होकायंत्रावर चालत होती आणि होकायंत्राची सुई वर्षागणिक, दिवसागणिक, कधी तासागणिक सरकते हे ठाऊक होते. कंपनीला यात शास्त्रापेक्षा दर्यावर्दी हिशेब अधिक दिसला असेल, पण शास्त्राचे काम त्यात साधले.

भारतात तारायंत्र आले ते विल्यम ओशॉनेसी या डॉक्टरामुळे. कलकत्त्याला त्याने १८३९ मध्ये प्रयोग केले आणि डलहौसीच्या काळात देशभर तारा ओढल्या. १८५५ मध्ये ही सेवा सामान्य जनतेला खुली झाली. मुंबईहून मद्रासकडे जाणारी तार पुण्यावरून गेली. ओशॉनेसीच्या आरंभीच्या यंत्रात निरोप वाचायचा तो सुईच्या हालचालीवरून. एका टोकाला घटांची रांग, दुसऱ्या टोकाला डावी-उजवी झुकणारी चुंबकाची सुई आणि परतीची वाट म्हणून खालची जमीन. त्या काळी तारखात्यांत डॅनियलचा घट आणि त्याची भावंडे चालत. त्यात तांब्याचा पत्रा, मोरचुदाचे पाणी आणि जस्त असे. जस्त झिजे, मोरचूद फिका पडे, मग ते बदलावे लागे. चुंबकाने नव्हे, कामाने बॅटरी उतरते हे तारखात्यातल्या हमालालाही समजत होते.

कुलाब्याचे वेधकर

मुंबईच्या दक्षिण टोकाला कुलाब्यावर कंपनीने १८२६ मध्ये वेधशाळा बांधली होती. जहाजांना अचूक वेळ कळावी हे तिचे पहिले काम. चुंबकीय वेध तिथे १८४१ पासून सुरू झाले आणि १८४६ पासून ते पद्धतशीर रीतीने नोंदले जाऊ लागले. आरंभी प्रमुख होते एल्फिन्स्टनमधले प्राध्यापक आर्थर बेडफर्ड ऑर्लेबार. 'दर्पण'कार बाळशास्त्री जांभेकर एल्फिन्स्टनमध्येच शिकवत होते आणि काही काळ या वेधशाळेची धुराही त्यांनी वाहिली. आद्य मराठी संपादक म्हणून आपण त्यांना दरवर्षी आठवतो. वेधशाळेतले बाळशास्त्री मात्र आपल्या स्मरणात फारसे नाहीत.

ऑर्लेबार यांच्या हाताखाली १८४० मध्ये एक पोरसवदा मुलगा कामाला लागला. अलिबागजवळच्या नागावात १८२५ मध्ये जन्मलेला, लहानपणीच पोरका झालेला, चुलत्यांनी मुंबईस आणून शिकवलेला हा मुलगा म्हणजे केरो लक्ष्मण छत्रे. पुढे पुण्यात ज्यांना सगळे केरूनाना म्हणू लागले, ते हेच. सुमारे दहा वर्षे त्यांनी कुलाब्याला वेध घेण्याचे काम केले.

हे काम कसे असे? वेधशाळेतल्या खोलीत पोलादी चुंबक धाग्यांवर टांगलेला असतो. दिशेसाठी एक, पृथ्वीच्या आडव्या ओढीचे बळ मोजण्यासाठी दोन धाग्यांवर पीळ देऊन आडवा धरलेला दुसरा. चुंबक किंचित वळला की दूर ठेवलेल्या दुर्बिणीतून मोजपट्टीवरचा आकडा बदललेला दिसतो. वेधकऱ्याने जवळ जाऊन चालत नाही, कारण खिशातली किल्ली किंवा चाकूदेखील चुंबकाला ओढतो. ठरलेल्या वेळी दुर्बिणीला डोळा लावायचा, आकडा वाचायचा, तो वहीत लिहायचा, तापमान लिहायचे, आणि तासाने पुन्हा तेच. रात्री दिव्याच्या उजेडात तेच. यात शोध लागल्याचा आनंद नाही, वाहवा नाही. बहुतेक दिवशी चुंबक कालच्यासारखाच वागतो. तरीही लिहायचे, कारण तो कधी वेगळा वागेल हे कोणाला सांगता येत नाही.

शुक्रवार, २ सप्टेंबर १८५९

केरूनाना १८५१ मध्ये पुण्याला निघून गेले होते. कुलाब्याला आता भारतीय नौदलाचे लेफ्टनंट फर्ग्युसन अधीक्षक होते. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयाला ज्यांचे नाव आहे ते गव्हर्नर वेगळे. वेध घेणारे साहाय्यक मात्र जुन्या शिस्तीनेच काम करत होते.

१ सप्टेंबरला इंग्लंडमध्ये रिचर्ड कॅरिंग्टन सूर्यावरच्या डागांचे चित्र काढत बसला होता. ग्रिनिचची वेळ सकाळी ११ वाजून १८ मिनिटे. डागांच्या एका मोठ्या घोळक्यावर त्याला अचानक दोन पांढरेशुभ्र ठिपके चमकताना दिसले आणि काही मिनिटांत विझले. रिचर्ड हॉजसन या दुसऱ्या निरीक्षकालाही ते दिसले. मुंबईत तेव्हा दुपारचे चार वाजून गेले होते. सूर्यावरून सुटलेला विद्युतभारित कणांचा लोट साडेसतरा तासांच्या आसपास पृथ्वीवर येऊन आदळला. एरवी अशा लोटाला दोन-तीन दिवस लागतात.

मुंबईत तो शुक्रवार होता आणि सकाळची वेळ होती. चुंबक आधी झटक्याने वर गेला आणि मग अकराच्या सुमारास कोसळला. अशा वेळी तासाची वाट न पाहता काही मिनिटांच्या अंतराने वेध घ्यायचे, ही वेधशाळेची रीत होती आणि ती पाळली गेली. आजच्या मापात सांगायचे तर पृथ्वीचे आडवे चुंबकीय बळ सुमारे १,६०० नॅनोटेस्लांनी घसरले. मुंबईतल्या एकूण आडव्या बळाच्या मानाने हे चार टक्क्यांच्या आसपास होते. चार टक्के ऐकायला थोडे वाटतात, पण साध्या दिवसाचा चढउतार काही दशक नॅनोटेस्लांचा असतो. बाहेर लख्ख दिवस असल्यामुळे आकाशात काही दिसण्याचा प्रश्नच नव्हता. शहराला काही कळले नाही. कळले ते धाग्यावरच्या चुंबकाला आणि दुर्बिणीमागच्या माणसाला.

जिथे तेव्हा रात्र होती तिथे, म्हणजे क्यूबासारख्या उष्ण प्रदेशातही, लोकांनी आकाशात ध्रुवीय प्रकाश पाहिला. युरोप-अमेरिकेत तारयंत्रे बेफाम झाली. बॉस्टन ते पोर्टलंड या तारेवरच्या दोन तारमास्तरांचा संवाद प्रसिद्ध आहे. तारेतला प्रवाह कधी बॅटरीच्या दिशेने जाई आणि दुप्पट होई, कधी तिच्या विरुद्ध जाऊन तिला निष्प्रभ करी. अशा स्थितीत बॅटरी हीच अडचण ठरत होती. तेव्हा दोघांनी संगनमताने बॅटऱ्या सोडवल्या, तारेची टोके थेट जमिनीला जोडली आणि सुमारे दोन तास नुसत्या आकाशीच्या विजेवर काम चालवले. काम नेहमीपेक्षा बरेच चालले, असे त्यांचे म्हणणे होते.

फॅरडेच्या प्रयोगशाळेत जे हातभर वेटोळ्यात घडले, तेच इथे शेकडो मैलांवर घडले. पृथ्वीचे चुंबकत्व झपाट्याने बदलत होते, तार आणि जमीन मिळून एक अवाढव्य वेटोळे झाले होते, आणि बदलत्या चुंबकाने त्यात वीज उभी केली. एका किलोमीटरमागे हा दाब जेमतेम काही व्होल्टचा असतो, पण तार लांब असली की बेरीज मोठी होते. आज खिशातल्या फोनच्या बॅटरीला अशा वादळाने काही होत नाही याचे कारणही हेच. फोनमधल्या तारा बोटभर असतात. धोका असतो तो गावोगाव वीज पोचवणाऱ्या लांबच लांब वाहिन्यांना. मार्च १९८९ मध्ये कॅनडातल्या क्वेबेक प्रांतात अशाच वादळाने वीजजाळे कोलमडले आणि साठ लाख लोक सुमारे नऊ तास अंधारात राहिले.

१८७२ च्या ४ फेब्रुवारीला आलेल्या वादळात तर मुंबईहून एडनला जाणाऱ्या समुद्री तारेचे कामही विस्कळीत झाले आणि ध्रुवीय प्रकाश मुंबईत दिसल्याची नोंद झाली. त्याच वर्षी कुलाब्याला कागदावर आपोआप रेघ उमटवणारी छायाचित्रणाची यंत्रे आली.

ट्राम आली, चुंबक गेला

कुलाब्याच्या चुंबकाला सूर्याने हलवले ते परवडले. शहराने हलवले ते परवडणारे नव्हते. मुंबईत १८७४ पासून घोड्यांच्या ट्राम होत्या. विसाव्या शतकाच्या आरंभी त्या विजेवर चालवायचे ठरले. विजेच्या ट्रामचा प्रवाह वरच्या तारेतून येतो आणि रुळांतून परत जातो. पण सगळा प्रवाह रुळांत राहत नाही, थोडा जमिनीत झिरपतो. धाग्यावर टांगलेल्या हळव्या चुंबकाला असा भटका प्रवाह सूर्याच्या वादळासारखाच भासतो. मग खरे काय आणि ट्रामचे काय हे कसे ओळखणार?

वेधशाळेचे संचालक नानाभाई मूस यांनी दुसरी जागा शोधली ती अलिबागला. मुंबईहून समुद्रापार, सुमारे ३० किलोमीटरवर. योगायोग असा की अलिबाग तेव्हा कुलाबा जिल्ह्याचे ठाणे होते. म्हणजे वेधशाळा एका कुलाब्याहून दुसऱ्या कुलाब्यात गेली, आणि केरूनानांच्या नागावाच्या शेजारी पोचली. १९०४ मध्ये तिथे इमारत उभी राहिली. तिच्यासाठी लोहाचा अंश नसलेला पोरबंदरी दगड वापरला. जिथे एरवी लोखंडी खिळे, बिजागऱ्या लागतात तिथे पितळ-तांबे आले. मूस यांनी घाई केली नाही. १९०४ ते १९०६ अशी दोन वर्षे दोन्ही ठिकाणी वेध चालू ठेवून त्यांनी जुना आकडा आणि नवा आकडा यांचा मेळ घातला. त्यानंतर कुलाब्याचे चुंबकीय काम थांबले. ७ मे १९०७ रोजी मुंबईत विजेची ट्राम धावली.

या दोन वर्षांच्या दुहेरी मेहनतीमुळेच १८४६ पासूनची साखळी तुटली नाही. १८४६ ते १९०५ या साठ वर्षांच्या नोंदींचे विवेचन मूस यांनी १९१० मध्ये दोन जाड खंडांत प्रसिद्ध केले. ती ट्राम १९६४ मध्ये बंद झाली. अलिबागचा चुंबक अजून टांगलेला आहे.

पुण्याचा धागा

कुलाब्याहून आलेल्या केरूनानांनी पुण्यात गणित आणि सृष्टिशास्त्र शिकवण्यात उरलेले आयुष्य घालवले. डेक्कन कॉलेजात टिळक त्यांचे विद्यार्थी होते. केरूनानांनी मराठीत गणिताची आणि पदार्थविज्ञानाची पुस्तके लिहिली. १८६० मध्ये 'ग्रहसाधनाची कोष्टके' सिद्ध केली, आणि आकाशात जे दिसते त्याच्याशी पंचांगाने जुळावे हा आग्रह धरून पंचांगशोधनाच्या वादाला तोंड फोडले. सूर्यावरचे डाग आणि पृथ्वीवरचे हवामान यांच्या संबंधाचाही त्यांना ध्यास होता. पंचांगाच्या वादाकडे आपण धर्मशास्त्राचा वाद म्हणून पाहतो. मला त्यात कुलाब्याची सवय दिसते. पोथीत काय लिहिले आहे यापेक्षा दुर्बिणीत आकडा काय दिसतो हे जो माणूस दहा वर्षे लिहीत आला, तो तिथींच्या बाबतीत तरी वेगळे कसे म्हणणार?

केरूनाना १८८४ मध्ये वारले. चार वर्षांनी पुण्याच्या सायन्स कॉलेजात, म्हणजे पुढच्या काळातल्या अभियांत्रिकी महाविद्यालयात, कावसजी दादाभाई नेगमवाला यांनी महाराजा तख्तसिंहजी वेधशाळा सुरू केली. भावनगरच्या महाराजांच्या देणगीतून आलेली तिथली मोठी दुर्बीण १९१२ मध्ये नेगमवाला निवृत्त झाल्यावर कोडाईकनालला गेली. मग १९२८ मध्ये भारतीय हवामान खात्याचे मुख्यालय सिमल्याहून पुण्याला आले. सिमला ऑफिस चौक हे नाव पुणेकर रोज घेतात ते त्यामुळे. कुलाबा-अलिबागच्या वेधशाळा तेव्हा याच खात्याकडे होत्या. १९७१ मध्ये त्यांच्यातून भारतीय भूचुंबकत्व संस्था ही स्वतंत्र संस्था झाली. तिचे मुख्यालय आज नवीन पनवेलला आहे.

याच संस्थेच्या दप्तरातून १८५९ ची साक्ष बाहेर आली. २००३ मध्ये अमेरिकेचे ब्रूस त्सुरुतानी, ब्राझीलचे वॉल्टर गोन्झालेझ आणि भूचुंबकत्व संस्थेचे गुरबक्ष लाखिना व शोभना अ‍ॅलेक्स यांनी कुलाब्याच्या त्या दिवसाच्या नोंदी मांडून दाखवल्या. इंग्लंडातल्या स्वयंचलित यंत्रांची रेघ त्या दिवशी कागदाच्या बाहेर गेली होती. तिथले चुंबक ध्रुवीय प्रदेशाच्या प्रवाहांनी गोंधळलेही होते. मुंबई विषुववृत्ताच्या जवळ, ध्रुवीय गोंगाटापासून दूर, आणि तिथे डोळ्यांनी वाचून हाताने लिहिलेला आकडा. म्हणून तो जगाच्या कामी आला. या आकड्याच्या अर्थावर अजून वाद आहे. तासाची सरासरी घेतली तर घसरण निम्म्याच्या जवळपास येते, आणि तिचा काही भाग आकाशातल्या वरच्या थरातल्या प्रवाहांचा असावा असे काहींचे मत आहे. पण वाद घालायलाही आकडा लागतो, आणि तो आकडा कुलाब्याचा आहे.

२ सप्टेंबर २०२३ रोजी, त्या वादळानंतर बरोबर १६४ वर्षांनी, भारताचे आदित्य-एल१ हे यान सूर्याच्या निरीक्षणासाठी निघाले. तिथीचा हा मेळ योगायोगाचाच. यानावरची सूर्याची अतिनील छायाचित्रे घेणारी दुर्बीण पुण्याच्या आयुका संस्थेत साकारली आहे. पृथ्वीपासून १५ लाख किलोमीटरवरून हे यान सूर्याकडे बघते, आणि त्यावर एक चुंबकमापकही आहे.

नोंदीचे मोल

१८५९ च्या छापील कोष्टकांच्या मुखपृष्ठावर नाव आहे ते अधीक्षकाचे. दुर्बिणीला डोळा लावून बसलेल्या साहाय्यकाने त्या सकाळी चुंबक कोसळताना पाहिला तेव्हा, यंत्र बिघडले असे म्हणून तो उठून गेला असता तर त्याला कोणी दोष दिला नसता. त्याने आकडा लिहिला. थोड्या मिनिटांनी पुढचा लिहिला. कॅरिंग्टनला दिसलेल्या पांढऱ्या ठिपक्यांची वार्ता त्याच्यापर्यंत पोचलेली असणे शक्यच नव्हते, आणि अमेरिकेतल्या तारमास्तरांनी बॅटरी सोडवल्याचीही. त्या आकड्याचे मोल कळायला १४४ वर्षे लागली.

आपल्याकडे इतिहास म्हटला की बखरी आणि रुमाल डोळ्यांपुढे येतात. वेधशाळेच्या वह्याही त्याच तोलाचे दप्तर आहेत. आजच्या वीजवाहिन्या किती मोठे सौर वादळ सोसतील याचा अंदाज बांधणारा जगातला कोणताही अभियंता १८५९ चा आकडा शोधत कुलाब्यापाशी येतो. चुंबकाने बॅटरी उतरते का, असे विचारणाऱ्या मुलाला नाही एवढेच सांगून थांबता येईल. पण जमले तर त्याला तारेचे एक वेटोळे, एक लोहचुंबक आणि एक होकायंत्र द्यावे, आणि चुंबक आतबाहेर करताना सुई किती हलली ते वहीत लिहायला सांगावे.